दिसूं लागणें आणि बरें होणें

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आतां घरोघरीं इतकी परिचयाची झाली आहे कीं, तिच्यावर स्वतंत्र लेख लिहिण्याचें प्रयोजन काय, असें वाचकांपैकीं कोणी विचारल्यास आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं. सकाळीं रुग्णालयांत गेलेले आजोबा दुपारीं जेवावयास घरीं असतात. दुसरे दिवशीं डोळ्यावरची पट्टी निघते, आणि तिसरे दिवशीं ते समोरच्या दुकानाची पाटी सर्वांस मोठ्यानें वाचून दाखवितात. घरांतील मंडळी समाधान पावतात व प्रकरण संपलें असें धरून चालतात. वस्तुतः प्रकरणाचा नाजूक भाग त्या पाटीवाचनानंतरच सुरू होतो. दिसूं लागणें ही एक गोष्ट आहे आणि बरें होणें ही दुसरी. पहिलीस एक दिवस पुरतो, दुसरीस महिने लागतात; आणि पहिली जितकी लवकर घडते, तितका दुसरीचा विसर लवकर पडतो.

हा विचार आमच्या मनांत येण्यास आमच्या एका स्नेह्यांचें उदाहरण कारण झालें. हे गृहस्थ बँकेंतील नोकरींतून निवृत्त झाल्यावर मालवणजवळ तारकर्ली येथें स्कूबा पद्धतीनें बुडी मारण्यास शिकले. तेथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची या शिक्षणाची संस्था आहे. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी, तोंडांत श्वासाची नळी, डोळे व नाक झांकणारा कांचेचा मास्क, अशा थाटांत समुद्राच्या तळाशीं अर्धा-पाऊण तास संचार करावा, खडकांवरील प्रवाळ व त्यांच्याभोंवतीं फिरणारे मासे पाहावे, हा त्यांचा उतारवयांतील छंद. गेल्या मार्गशीर्षांत त्यांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली, आणि हेंच अनर्थाचें मूळ होऊं पाहत होतें; कारण चवथ्याच दिवशीं त्यांनीं तीन आठवड्यांनंतरची तारकर्लीची जागा राखून ठेविली! सूनबाई डोळ्यांत औषधाचे थेंब घालतां घालतां म्हणाल्या, "बाबा, आतां तें पाण्याखालीं जाणें कायमचें पुरे करा. पुन्हां आलेली दृष्टि पणाला लावूं नका." बाबांनीं उत्तर दिलें, "अग, मला सगळें स्वच्छ दिसतें आहे. मग हरकत कसली?" वाद वाढला आणि दोघांनींहि आमचें मत विचारलें.

आम्ही वैद्य नव्हे. शिक्षकानें करावें तेंच आम्हीं केलें. जाणत्यांस विचारलें, वाचलें, आणि दोघांपुढें मांडलें. सूनबाईंची भीति खरी होती, पण तिचें कारण चुकीचें होतें. आमच्या स्नेह्यांची आशाहि खरी होती, पण तिचें मोजमाप चुकीचें होतें. हें कसें, तें क्रमानें सांगतों.

आपल्या घरांतून शस्त्रक्रियेनंतरच्या पथ्याविषयीं जी धास्ती आढळते, तिला मोठा इतिहास आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत लिंगनाशावरील शस्त्रकर्म सांगितलें आहे. नेत्राच्या श्वेत भागांतून शलाकेनें वेध करून दृष्टीच्या आड आलेला दोष दूर सारावयाचा, अशी ती कृति. आजच्या शस्त्रक्रियेशीं तिचें साम्य थोडेंच. परंतु तिच्या शेवटीं जें पथ्य दिलें आहे तें आजहि लक्षांत घेण्यासारखें आहे. रोग्यानें उताणें पडून राहावें. ढेंकर, खोकला, शिंक, थुंकणें व अंगास हिसका बसणें हीं टाळावीं. दर तीन दिवसांनीं डोळा काढ्यानें धुवावा. आणि हा नेम दहा दिवस पाळावा. शिंकेसरशीं डोळ्यावर ताण पडतो, हें त्या प्राचीन आचार्यांस पुरतें ठाऊक होतें.

पुढें १७४७ सालीं झाक दाव्हिएल या फ्रेंच शस्त्रवैद्यानें डोळ्यास छेद देऊन गढूळ झालेलें भिंग बाहेर काढण्याची रीत आरंभिली. तेव्हांपासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा छेद चांगला मोठा, बुबुळाच्या जवळजवळ अर्ध्या कडेनें फिरणारा असे. एके काळीं रोग्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या ठेवून त्यास कित्येक दिवस निश्चल निजवीत. आमच्या लहानपणीं जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या ज्या आजीबाई घरोघरीं दिसत, त्या याच शस्त्रक्रियेंतून गेलेल्या. काढलेल्या भिंगाच्या जागीं डोळ्यांत दुसरें कांहींच बसविलेलें नसे.

डोळ्याच्या आंतच कृत्रिम भिंग बसविण्याचा पहिला प्रयोग लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत हॅरल्ड रिडले यांनीं २९ नोव्हेंबर १९४९ रोजीं केला. दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत शिरलेले विमानाच्या ॲक्रिलिक छताचे कण तेथें निरुपद्रवी पडून राहतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. त्यावरून भिंगासाठीं तोच पदार्थ त्यांनीं निवडला. १९६७ सालीं अमेरिकेंत चार्ल्स केल्मन यांनीं श्राव्यातीत ध्वनिलहरींनीं भिंगाचा चुरा करून तो शोषून घेण्याची युक्ति काढली. हीच आज सर्वांच्या तोंडीं असलेली 'फेको'. तिला दोन-तीन मिलिमीटरांचा छेद पुरतो आणि बहुधा टाका घालावा लागत नाहीं. दुसरी एक बिनटाक्याची रीत आपल्या देशांत फार चालते. तींत डोळ्याच्या पांढऱ्या भागांतून सहा-सात मिलिमीटरांचा तिरपा बोगदा करून भिंग काढतात.

छेद लहान झाला तशीं पथ्येंहि सैल झालीं. वाळूच्या पिशव्या गेल्या, निजून राहणें गेलें. मात्र पथ्य सैल झालें याचा अर्थ पथ्य उरलेंच नाहीं, असा पुष्कळांनीं करून घेतला आहे. आजोबांस पाटी वाचतां येते, कारण नवें भिंग स्वच्छ आहे. ज्या वाटेनें तें भिंग आंत गेलें, ती वाट बुजली आहे कीं नाहीं, याचें उत्तर पाटी देऊं शकत नाहीं.

आतां पाण्याकडे वळूं. सूनबाईंस भीति वाटे ती खोल पाण्याच्या दाबाची. पाणी डोळा दडपून टाकील आणि आंतलें भिंग सरकेल, असें त्यांचें अनुमान. समुद्राच्या पृष्ठभागीं आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो, आणि पाण्यांत दर दहा मीटरांस त्यांत तेवढ्याच दाबाची भर पडते. वीस मीटरांवर तो तिप्पट होतो. हें ऐकून कोणासहि धसका बसावा. परंतु दाबानें आकुंचन पावते ती हवा. डोळ्याच्या पोकळींत पुढें पाण्यासारखा रस आणि मागें जेलीसारखा द्रव भरलेला असतो. हवा तेथें मुळींच नसते. द्रव पदार्थ अशा दाबानें चेपत नाहींत. नवें भिंगहि भरीव असतें व तें मूळच्या भिंगाच्या पिशवींत, द्रवानें वेढलेलें, बसलेलें असतें. बाहेरचा दाब सर्व बाजूंनीं सारखा वाढतो, आंतलाहि तेवढाच वाढतो, आणि भिंग जागच्या जागीं राहतें. व्यवस्थित बरा झालेला, भिंग बसविलेला डोळा समुद्रांत जाण्यास अपात्र ठरत नाहीं.

मग धोका कोठें आहे? तो मास्कच्या आंत आहे. चेहरा व कांच यांच्यामध्यें मूठभर हवा कोंडलेली असते. दहा मीटर खालीं जातां ती हवा निम्म्या जागेंत मावूं पाहते, आणि ती रिकामी होणारी जागा भरून काढण्यासाठीं मास्क चेहऱ्यावर चोंखणीसारखा ओढ घेऊं लागतो. शिकलेला पाणबुड्या उतरतांना नाकावाटे थोडी हवा मास्कांत सोडीत जातो आणि ही ओढ नाहींशी करतो; म्हणूनच बुडीच्या मास्कांत नाक झांकलेलें असतें, आणि तलावांत पोहण्याचा नुसता डोळ्यांपुरता चष्मा घालून खोल जाण्यास मनाई असते. ही हवा सोडण्यास विसरलें तर धडधाकट माणसाच्याहि डोळ्यांत रक्त उतरतें व डोळे लालबुंद होतात. निरोगी डोळ्यास इतर इजा झाली नसेल तर तें दिसावयास भयंकर असलें तरी आपोआप निवळतें. परंतु कच्च्या छेदाची गोष्ट निराळी आहे. बिनटाक्याचा छेद हा झडपेसारखा असतो; डोळ्याच्या आंतील दाबच त्या झडपेस आंतून लोटून बंद ठेवतो. बाहेरून चोंखणी लागली कीं हा तोल बिघडण्याचा संभव, आणि झडप किलकिली झाली तर बाहेरचा द्रव आंत जाण्यास मार्ग मिळाला.

येथें आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. "खोल जाणार नाहीं, पांच-दहा मीटरांतच फिरेन," असें आमच्या स्नेह्यांनीं तडजोड म्हणून सुचविलें होतें. गणित त्यांच्या विरुद्ध आहे. पृष्ठभागापासून दहा मीटरांवर हवा निम्मी होते. पुढच्या दहा मीटरांत ती अर्ध्याची एक तृतीयांश होते. म्हणजे सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो. मास्कची ओढ उथळ पाण्यांतहि पुरेपूर जाणवते.

दुसरा धोका त्याहून साधा आणि त्याहून भयंकर आहे, तो म्हणजे जंतूंचा. समुद्र, विहीर, तलाव, फार काय नळाचें पाणी, यांपैकीं कोणतेंहि निर्जंतुक नसतें. मास्क असतां डोळ्यांत पाणी कसें जाईल, असें कोणी विचारील. पण मास्कांत मुद्दाम पाणी शिरूं देऊन तें नाकानें फुंकून बाहेर काढणें, हा या विद्येंतील आरंभींचाच धडा आहे. शिवाय कांचेवर वाफ धरूं नये म्हणून मास्कांत थुंकी चोळून तो सर्वांच्या सामाईक पाण्यांत विसळण्याची पाणबुड्यांत चाल आहे. आमच्या सोंवळ्या वाचकांस हें वाचूनच कसेंसें होईल. नव्यानें शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याच्या बाबतींत तरी त्यांचें कसेंसें होणें सर्वथा शास्त्रशुद्ध आहे. जखमेवाटे जंतु डोळ्याच्या आंत पोंचले तर कांहीं दिवसांत, कधीं कांहीं तासांतहि, दृष्टि कायमची जाऊं शकते. म्हणून ही लक्षणें प्रत्येक घरानें पाठ करून ठेवावीं: डोळा वाढत्या प्रमाणांत दुखूं लागणें, लाली वाढणें, पापणी सुजणें, आणि आलेली दृष्टि पुन्हां अंधुक होणें. यांपैकीं कांहींहि दिसल्यास उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं, रात्र असली तरी, डॉक्टर गांठावा.

आतां थांबावयाचें किती, हा प्रश्न. बुबुळावरील पारदर्शक पडद्यांत, ज्यास डॉक्टर कॉर्निया म्हणतात, रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच तो पारदर्शक असतो, आणि म्हणूनच त्यावरील जखम हातापायाच्या जखमेइतक्या त्वरेनें सांधत नाहीं. अमेरिकेच्या नौदलांतील नेत्रवैद्य फ्रँक बटलर यांनीं १९९५ सालीं 'सर्व्हे ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी' या नियतकालिकांत या विषयाचा साकल्यानें विचार केला. कोणत्या शस्त्रक्रियेनंतर बुडीसाठीं किती थांबावें, याची जी कोष्टकें तेव्हांपासून प्रचारांत आहेत त्यांत मोतीबिंदूच्या आधुनिक शस्त्रक्रियेस, छेदाच्या जातीप्रमाणें, सुमारें एक ते तीन महिने सांगितले आहेत. कॉर्निया बदलण्याच्या शस्त्रक्रियेस सहा महिने. बुडी शिकविणाऱ्या संस्थांतून प्रवेशापूर्वीं जी आरोग्याची प्रश्नावली भरून घेतात, तींतहि गेल्या तीन महिन्यांत डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय, असा स्पष्ट प्रश्न असतो. त्याचें उत्तर 'होय' असेल तर डॉक्टरची लेखी अनुमति लागते. हा रकाना खोटा भरणें म्हणजे आपण आपल्याच डोळ्यास फसविणें होय.

हे आंकडे ढोबळ आहेत. प्रत्येकाचा छेद, वय, मधुमेह, शस्त्रक्रियेंत आलेली अडचण, यांवरून निर्णय बदलतो आणि तो शस्त्रक्रिया करणाऱ्यानेंच द्यावयाचा. कांहीं प्रकारांत तर महिने मोजण्याचा प्रश्नच नसतो. पडद्याच्या विकारावर उपचार करतांना डोळ्यांत वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर तो पूर्ण विरेपर्यंत बुडी आणि विमानप्रवास हे दोन्ही सक्त वर्ज्य आहेत. मागें आम्हीं म्हटलें कीं डोळ्यांत हवा नसते, तो नियमच तेथें मोडलेला असतो. कांचबिंदूसाठीं डोळ्यांत पाझरवाट केलेली असल्यास तिचा स्वतंत्र विचार करावा लागतो. आणि दोन्ही डोळ्यांचें काम व्हावयाचें असेल, तर दिवस शेवटच्या शस्त्रक्रियेपासून मोजावे.

आमच्या स्नेह्यांच्या बाबतींत खरा घोंटाळा येथेंच होता. त्यांनीं आपल्या डॉक्टरांस "पाण्यांत केव्हां जाऊं?" एवढेंच विचारलें होतें. डॉक्टरांनीं तें पोहण्याविषयीं समजून महिन्याभराची मुदत सांगितली, आणि यांनीं तींतूनहि एक आठवडा आपल्या मनानें वजा केला. आम्हीं त्यांस पुन्हां पाठविलें. मास्क, खोली, टाकीचें वजन, होडीच्या कांठावरून पाठमोरें पाण्यांत पडणें, सर्व कांहीं सांगावयास लावलें. टाकी आणि तिचा सरंजाम पंधरा किलोंच्या घरांत जातो. तो उचलण्याचा ताणहि कच्च्या डोळ्यास नको असतो. सर्व ऐकून डॉक्टरांनीं पुरे तीन महिने थांबून मग तपासणीस येण्यास सांगितलें. सूनबाई सोबत होत्या. "तीन महिन्यांनंतर जाऊं शकतील?" असें त्यांनीं दोनदां विचारलें, आणि दोन्ही वेळां "डोळा बरा असेल तर होय" हें उत्तर ऐकल्यावर त्यांचा विरोध मावळला. तारकर्लीची राखलेली जागा सोडून द्यावी लागली. कांहीं पैसे बुडाले, डोळा बुडाला नाहीं.

ते चैत्रांत गेले. जाण्यापूर्वीं डोळ्याची तपासणी झाली, आणि साठी उलटलेल्या माणसानें अशा श्रमापूर्वीं करावी तशी हृदयाची व रक्तदाबाचीहि झाली. प्रथम शिक्षकाच्या सोबतीनें उथळ पाण्यांत मास्क भरून रिकामा करण्याचा धडा त्यांनीं नव्यानें गिरविला. तेथें एक अडचण ध्यानांत आली. बसविलेलें भिंग लांबचें पाहण्यासाठीं निवडलेलें असल्यामुळें दूरचा मासा स्पष्ट दिसे, पण हातांतील दाबमापकाचे आंकडे पुसट दिसत. पाण्याखालीं टाकींत हवा किती उरली हें वाचतां न येणें ही सामान्य गैरसोय नव्हे, तो प्राणाशीं खेळ आहे. मास्कच्या कांचेच्या खालच्या भागास आंतून चिकटविण्याचीं वाचनाचीं लहान भिंगें मिळतात. तीं लावल्यावर ही अडचण मिटली. शस्त्रक्रियेपूर्वींच आपला छंद वा व्यवसाय डॉक्टरांस सांगितला, तर कोणत्या अंतराचें भिंग घ्यावें याचा विचार आधींच करतां येतो.

आणि लाभ? तो आम्हीं त्यांच्याच तोंडून ऐकला. म्हाताऱ्या डोळ्याचें भिंग वर्षानुवर्षें पिवळें पडत जातें आणि निळ्या प्रकाशास अडवितें. हें इतकें हळू होतें कीं माणसास कळतहि नाहीं. क्लोद मोने या विख्यात फ्रेंच चित्रकाराची १९२३ सालीं, वयाच्या ८२व्या वर्षीं, शस्त्रक्रिया झाल्यावर सारें फार निळें दिसतें अशी त्याची तक्रार होती. समुद्राची रीत याच्या उलट आहे. पाणी प्रथम तांबडा रंग गिळतें. थोड्याच खोलीवर तांबडा मासा करडा दिसूं लागतो, आणि शेवटपर्यंत उरतो तो निळा. म्हणजे मोतीबिंदु झालेला मनुष्य समुद्राखालीं जातो तेव्हां पाणी तांबडें नेतें, भिंग निळें नेतें, आणि त्याच्या वांट्यास धुरकट करडेपणा उरतो. आमचे स्नेही म्हणाले, "मागच्या दोन वर्षांत मालवणचें पाणी गढूळ झालें असें मी सर्वांना सांगत होतों. पाणी होतें तसेंच होतें."

दृष्टि परत मिळते ती जपून पेटींत ठेवण्यासाठीं मिळत नाहीं. कोणास तिनें ज्ञानेश्वरी वाचावयाची असते, कोणास सुईंत दोरा ओंवावयाचा असतो, कोणास समुद्राखालचे मासे पाहावयाचे असतात. घरांतील तरुणांनीं वडील माणसांस सरसकट "आतां पुरे" म्हणूं नये. किती दिवस, हें विचारावें आणि ते दिवस त्यांच्याबरोबर मोजावे. वडिलांनींहि आपल्याला दिसतें एवढ्यावर विसंबूं नये.

ज्यांस हा छंद आहे व ज्यांची शस्त्रक्रिया तांतडीची नाहीं, त्यांच्यासाठीं एक सोयीची सूचना करून हा लेख पुरा करतों. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो व बुड्या बंद असतात. डॉक्टरांच्या संमतीनें शस्त्रक्रिया आषाढाच्या आरंभीं करून घ्यावी. चातुर्मासांत आपण कांदा-लसूण सोडतों, कोणी एकभुक्त राहतो. त्याच नेमांच्या यादींत समुद्रस्नानाचा त्याग आणखी एक लिहावा. कार्तिकी एकादशीस नेम फिटतो, पाणी निवळलेलें असतें आणि डोळाहि बरा झालेला असतो. मग आधीं डॉक्टरांचें पत्र घ्यावें आणि नंतर मालवणची गाडी धरावी.